उद्या विमान असलेला पाहुणा

पाठीवर पिशवी टाकून फिरणारे परदेशी पाहुणे आपल्याकडे वेरूळ-अजिंठ्यासाठी येतात. सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद. लेणी बघून झाली, उद्या चिकलठाण्याहून मुंबई आणि तिथून पुढचा देश, असा पाहुणा शेवटच्या दिवशी औरंगपुरा-गुलमंडीत भेटवस्तू शोधतो. रुपये संपवायचे असतात, पण पिशवीत जागा नसते.

आपण मात्र स्टॉलवर मोठी गोधडी अन् लोणच्याची बरणी मांडतो. परदेशी विमानात हातातल्या सामानात 100 मिलीलीटरपेक्षा मोठी बाटली चालत नाही. गोधडी आवडते, पण नेणार कशी? माल पडून राहतो आणि गटाचा हप्ता अंगावर येतो.

म्हणून त्याच चिंध्यांची, त्याच टाक्यांची छोटी पिशवी शिवू, चष्म्याचं घर शिवू. हलकं, न फुटणारं, घडी होणारं. सोबत चिठ्ठी लावू: गावाचं नाव, गटाचं नाव, हाताने शिवलेलं. किंमत लिहूनच ठेवू. गावच्या बाईला जी, तीच पाहुण्याला. मात्र त्या किमतीत कापड-दोऱ्यासोबत आपली मजुरीही धरू. ती सोडली, तर विक्री होऊनही हात रिकामेच.

येत्या बैठकीत प्रत्येकीने एक नमुना आणावा.