पाठीचा भोपळा
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्याकडे कोकणात मुलांना पोहायला शिकवायची एक जुनी रीत होती. पाठीला सुकलेला भोपळा बांधायचा आणि विहिरीत सोडायचं. भोपळा बुडत नाही, त्यामुळे पोरही बुडत नाही. चार-आठ दिवसांनी दोरी जरा सैल करायची आणि मग एके दिवशी भोपळा काढूनच घ्यायचा. माझ्या मुलीला मी असंच शिकवलं. शेवटच्या दिवशी तिला न सांगता मी गाठ सोडली. ती विहिरीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली आणि मागे वळून बघते तर भोपळा माझ्या हातात!

ती मुलगी आता चाळिशी ओलांडलेली आहे आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात राहते. २०२३च्या डिसेंबरात आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो. पहिल्याच आठवड्यात ती मला कॉटेस्लो नावाच्या किनाऱ्यावर घेऊन गेली आणि म्हणाली, ''बाबा, तुम्ही इथं बसा, मी जरा जाऊन येते.'' काखेत एक फळी घेऊन ती पाण्यात शिरली. थोड्या वेळानं बघतो तर ती पाण्यावर नव्हतीच. पाण्यापासून हात-दीड हात वर, हवेत उभी होती आणि तशीच उत्तरेकडे निघाली होती. खाली पाणी असं ढवळलेलं, की साधी होडी घालतानाही माणसानं दोनदा विचार करावा. ही मात्र एखाद्या गुळगुळीत रस्त्यावरून जावं तशी चालली होती.

या खेळाला हायड्रोफॉइल सर्फिंग म्हणतात. सगळे नुसतं 'फॉइल' म्हणतात. फळीच्या पोटाला पाऊण मीटर किंवा त्याहून थोडा लांब असा एक उभा दांडा असतो आणि दांड्याच्या खालच्या टोकाला विमानासारखे पंख असतात. पुढे मोठा, मागे लहान. हे पंख पाण्यात बुडालेले राहतात. आपण एस.टी.च्या खिडकीतून हात बाहेर काढून जरा तिरपा धरला, की वारा तो हात वर उचलतो. तसंच पाणी पंखाला उचलतं. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट असल्यामुळे विमानाला लागतो तेवढा मोठा पंख इथं लागत नाही. जेमतेम मीटरभर लांबीचा पंख एका माणसाला उचलून धरतो. अट एकच, वेग हवा. वेग दुप्पट झाला की उचल चौपट होते आणि वेग निम्म्यावर आला की उचल पाव उरते.

कल्पना नवी नाही. एन्रिको फोर्लानिनी या इटालियन संशोधकानं १९०६ साली माज्जोरे सरोवरात असे पंख लावलेली बोट चालवली होती. टेलिफोनमुळे आपल्याला माहीत असलेल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी केसी बाल्डविन या सहकाऱ्याबरोबर कॅनडात अशीच बोट बांधली. तिनं ९ सप्टेंबर १९१९ रोजी ताशी सुमारे ११४ किलोमीटर वेग गाठला, तो त्या काळचा जलप्रवासातला विक्रम होता. उभ्यानं चालवायच्या फळीखाली हे पंख आले ते मात्र अलीकडे. हवाईतल्या लेअर्ड हॅमिल्टन यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी विसाव्या-एकविसाव्या शतकाच्या सांध्यावर मोठ्या लाटांवर हा प्रयोग केला. तेव्हा त्यांना वेग मिळवण्यासाठी पाण्यातल्या स्कूटरनं दोरीनं ओढून न्यावं लागे.

आता प्रश्न असा, की खवळलेल्या पाण्यातही हा माणूस धक्के न खाता कसा जातो? मी ३४ वर्षं शाळेत भूगोल आणि विज्ञान शिकवलं. लाट म्हणजे पाण्याचा प्रवास नव्हे, पाणी जागच्या जागी गोल फिरतं, हे फळ्यावर किती वेळा काढून दाखवलं असेल. या फिरण्याचा जोर खोलीबरोबर झपाट्यानं कमी होतो आणि लाटेच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर जवळजवळ संपतो. म्हणजे दोन मीटर लांबीच्या आखूड लाटेचा जोर अर्धा मीटर खाली गेलं की पाचवा हिस्सा उरतो. वर सगळी आदळआपट चालली असताना खाली पंखाला तिची फारशी वार्ताच नसते. फळी लाटांच्या वर आणि पंख लाटांच्या खाली. मध्ये पाण्याला कापत जाणारा तेवढा दांडा.

पर्थला या खेळाचं एवढं वेड असण्याचं कारणही भूगोलात आहे. किनाऱ्यासमोर १८-१९ किलोमीटरवर रॉटनेस्ट नावाचं बेट आहे. महासागराच्या मोठ्या, आखीव लाटांचा बराचसा जोर तिथं अडतो. मात्र उन्हाळ्यात, म्हणजे तिथल्या डिसेंबर-जानेवारीत, दुपार झाली की नैऋत्येकडून समुद्रावरचा वारा सुटतो. उन्हानं होरपळलेल्या शहराला तो थंड करतो, म्हणून लोकांनी त्याचं नावच 'फ्रीमँटल डॉक्टर' ठेवलं आहे. कित्येकदा तो ताशी ३० किलोमीटरच्या वर जातो. आपण पुस्तकात शिकलो तेच हे खारे वारे. कॉटेस्लोच्या किनाऱ्यावर उंच नॉरफोक पाइनची झाडं आहेत. त्यांचे शेंडे हलायला लागले की मुलगी घड्याळ न बघता म्हणायची, ''डॉक्टर आले.''

हा वारा पाण्यावर आखूड, तुटक लाटा उठवतो. साध्या फळीवाल्याला त्या कुचकामी. फॉइलवाल्याला त्याच हव्या असतात. लाटेच्या पुढच्या उतारावर पाणी वर चढत असतं. घार जशी वर येणाऱ्या हवेवर पंख न हलवता तरंगते, तसा हा माणूस त्या चढत्या पाण्यावर पंख ठेवतो. एका लाटेवरून दुसरीवर आणि दुसरीवरून तिसरीवर. कॉटेस्लोहून स्कारबरोपर्यंतचं अकरा-बारा किलोमीटरचं अंतर माझी मुलगी असं जाते.

मग मोटर कुठं आली? ती आली सुरुवातीला. दोन लाटांमध्ये चार सेकंदांचं अंतर असेल, तर खोल पाण्यात ती लाट ताशी २२ किलोमीटरच्या आसपास धावते. पंख माणसाला उचलू लागतो तो ताशी १४-१५ किलोमीटरला. आणि फळीवर पालथं पडून हातानं वल्हवणारा माणूस जेमतेम पाच-सहा किलोमीटरनं जातो. सपाट पाण्यात तयारीचे लोक लांब वल्ह्यानं ही तूट भरून काढतात. ढवळलेल्या पाण्यात ते फार कठीण. फळी स्थिर राहत नाही, लाट नाकावर बसते आणि जमवलेला वेग एका थपडेत जातो. ही तूट मोटर भरून काढते. फळीच्या अगदी खाली, दांड्याच्या वरच्या भागात मुठीएवढी मोटर आणि लहानसा पंखा. बॅटरी फळीवर. हातात एक खटका. तो दाबला की दहा-बारा सेकंदांत फळी वर उचलली जाते आणि तिच्याबरोबर मोटरही पाण्याबाहेर येते. मग बोट खटक्यावरून काढायचं. पुढचं काम लाटेचं.

पूर्णपणे विजेवर चालणारी फॉइल वेगळी. तिची मोटर खोल पंखाजवळ असते आणि सतत चालू असते. ही मोटर मात्र मदतीपुरती. लाट सुटली आणि खाली बसायची वेळ आली की पुन्हा खटका दाबायचा. ढवळलेल्या पाण्यात त्यातही एक खोच आहे. फळी लाटेवर हिंदकळली की पंखा मधूनच पाण्याबाहेर येतो, हवा गिळतो आणि नुसताच गरगरतो. म्हणून दोन लाटांमधली खोलगट जागा बघून, वाऱ्याकडे पाठ करून खटका दाबावा लागतो. म्हणजे मोटर असली तरी पाणी वाचता आलंच पाहिजे.

जुने सर्फिंगवाले या मोटरला नाकं मुरडतात. लाट आपल्या दंडाच्या जोरावर पकडायची, खटका कसला दाबता, असं त्यांचं म्हणणं. मी मुलीला हे विचारलं. ती हसून म्हणाली, ''बाबा, तुम्हीच नाही का माझ्या पाठीला भोपळा बांधला होता? मोटर बंद झाली की खरं सुरू होतं.''

मला ते पटलं. मोटरची, बॅटरीची निगा राखायचं काम मी हौसेनं मागून घेतलं. रोज गोड्या पाण्यानं धुवायचं, जोडणीची टोकं कोरडी करायची, मग झाकण लावायचं. खारं पाणी आणि वीज यांचं सख्य नसतं, हे कोकणातल्या माणसाला कुणी सांगायला नको.

एके दिवशी तिला दुपारी काम होतं, म्हणून ती सकाळीच निघाली. सकाळी तिथं पूर्वेकडून, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वारा वाहतो. आपले मतलई वारे. हा वारा फसवा. किनाऱ्याजवळ त्याला लाटा उठवायला जागाच मिळत नाही, त्यामुळे पाणी कसं आरशासारखं दिसतं. जसजसं आत जावं तसतशा लाटा वाढतात. आणि वाऱ्याचं तोंड आतच असतं. दुपारी मोटर बंद पडली तर वारा तुम्हाला कधी ना कधी किनाऱ्याला आणून टाकील. सकाळी बंद पडली तर तो तुम्हाला बेटाच्या दिशेनं नेईल. हे मी मुलांना फळ्यावर शिकवलं होतं. त्या सकाळी मात्र मी मुलीला एका शब्दानं विचारलं नाही.

सात-आठशे मीटर आत ती खाली बसली आणि पुन्हा उठलीच नाही. दुर्बिणीतून दिसत होतं, ती खटका दाबते आहे, पुन्हा दाबते आहे. मग तिनं खटका सोडला, फळीवर पालथी झाली आणि हात मारू लागली. खाली दांडा आणि पंख पाण्याला अडवत होते, समोरून वारा. मोटरनं तीन-चार मिनिटांत कापलेलं अंतर होतं ते. दहा मिनिटं झाली तरी ती मला तिथंच दिसत होती.

''मदत लागली तर मी हात वर करून हलवीन,'' असं तिनं सांगून ठेवलं होतं. हात वर होत नव्हता. पण माझ्यानं बसवेना. मी किनाऱ्यावरच्या जीवरक्षकाकडे गेलो आणि येईल त्या इंग्रजीत सांगितलं. त्यानं दुर्बीण लावली, थोडा वेळ बघितलं आणि बोटानं दाखवलं. ती सरळ किनाऱ्याकडे येत नव्हती, तिरकी दगडी धक्क्याकडे येत होती आणि अंग फळीला अगदी चिकटवून होती, म्हणजे वाऱ्याला कमी सापडेल. त्यानं आपली लांब फळी उचलली आणि तो निघाला. तिच्याजवळ पोचल्यावर त्यानं तिला ओढलं नाही. तो तिच्या बाजूनं, वाऱ्याच्या अंगाला राहून, नुसता सोबत आला. मी विहिरीत तिच्या बाजूनं असाच पोहत असे.

पंचावन्न मिनिटांनी ती वाळूवर आली. हात थरथरत होते. पाणी प्यायली आणि पहिलं वाक्य बोलली, ''फळी सोडली नाही, बाबा.'' हा या खेळातला पहिला नियम. पोहत निघालेलं डोकं लाटांमध्ये कुणाला दिसत नाही, फळी दिसते.

घरी येऊन आम्ही झाकण उघडलं. बॅटरीच्या जोडणीत ओल होती आणि टोकावर हिरवट थर चढला होता. आदल्या संध्याकाळी मी धुतलं होतं, पण कोरडं न करताच झाकण लावलं होतं. नातवानं खेळायला हाक मारली होती, म्हणून. मी तिला ते सांगितलं. ती म्हणाली, ''चूक माझीसुद्धा आहे. सकाळच्या वाऱ्यात तेवढं आत जायलाच नको होतं.''

श्रोतेहो, विहिरीत मी गाठ सोडली होती ती ठरवून, तिचे हात तयार झाल्यावर. इथं गाठ सुटली ती माझ्या निष्काळजीपणानं. दोन्ही वेळा ती तरली ती एकाच गोष्टीवर, भोपळ्याशिवाय तिला पाण्यात राहता येत होतं म्हणून. मोटर घेण्यात मला काही कमीपणा वाटत नाही. धोका वेगळा आहे. आपले हात जिथं आपल्याला नेऊ शकले नसते, तिथं मोटर चार मिनिटांत नेऊन सोडते. परत यायची वेळ आली की हात तेवढेच असतात. म्हणून मुलीनं तेव्हापासून एक हिशेब ठरवला आहे. हातानं वल्हवत परत येता येईल, तेवढंच मोटरनं आत जायचं. डोक्याला टोपडं, अंगात जाकीट, कारण खालचे पंख धारदार असतात आणि पडताना फळीपासून लांब पडावं लागतं. एकटीनं जायचं नाही. आणि मतलई वाऱ्यात तर जायचंच नाही.

आपल्या तारकर्लीला, मालवणला, गोव्याला आता पाण्यावरचे किती खेळ आले आहेत. तिथं जाणाऱ्या तरुण मंडळींनाही एवढंच सांगेन, की सकाळचं शांत पाणी बघून भुलू नका, वारा कुठून कुठं चालला आहे ते बघा. शिडाच्या होडीवरचे आपले मच्छीमार पहाटे मतलई वाऱ्यावर आत जात आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परत येत. आत जाण्याआधी परतीचा वारा त्यांच्या हिशेबात असे.

मुलगी अजून फॉइलवर जाते, मोटर लावूनच जाते. फोनवर सांगत होती, परवा अकरा किलोमीटरांत खटका फक्त सहा वेळा दाबला. जोडणी आता ती स्वतः पुसते. मी इथं रत्नागिरीत बसून पर्थचा वारा तेवढा बघतो आणि पूर्वेचा असला की सकाळीच फोन करतो.