उत्तरांचा कागद कोणी लिहायचा?



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला की बोनस, महागाई भत्ता किंवा कंत्राटी पद्धत यांपैकी काहीतरी ऐकावयास मिळणार, असे श्रोते धरून चालतात. आजचा विषय तसा नाही. कचेरीतील सगळ्या संगणकांवर नेटवर्कमधून लिनक्स कसे बसवतात, हा तो विषय आहे. हे काम इंजिनिअरांचे, त्यात युनियनने कशाला पडावे, असे पुष्कळांना वाटेल. आमचे उत्तर असे की, ज्या यंत्रापुढे कारकुनाचे रोजचे आठ तास जातात, त्या यंत्राने कसे वागावे हे कोण ठरवतो, हा प्रश्न पगाराच्या प्रश्नाइतकाच आमचा आहे.

प्रथम नावांचा उलगडा करू. गिरणीत मालक आणि साचे यांच्यामध्ये जॉबर असे. कोणत्या साच्यावर कोणी उभे राहावयाचे, कोणाला काम द्यावयाचे, कोणाला थांबवावयाचे, हे तो पाही. संगणकात हे काम ऑपरेटिंग सिस्टीम करते. पत्राचा प्रोग्रॅम, हिशेबाचा प्रोग्रॅम, छपाईचे यंत्र, सर्वांना ती काम वाटून देते. तिला डावलून एकाही प्रोग्रॅमला डिस्कवर अक्षर लिहिता येत नाही. विंडोज हा असा एक जॉबर आणि लिनक्स हा दुसरा. लिनक्सचा गाभा फिनलंडमधील लिनस तोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहावयास घेतला. त्याआधी १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला होता. १९९२ पासून लिनक्सला त्या प्रकल्पाचा परवाना लागू झाला. तो परवाना सांगतो : हा प्रोग्रॅम चालवा, उघडून वाचा, बदला आणि दुसऱ्यास द्या, मात्र देताना हेच हक्क त्यालाही द्या.

हा विषय आज निकडीचा झाला त्याला कारण आहे. विंडोज १० या आवृत्तीचा सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. पुढची आवृत्ती ज्यांवर नियमाप्रमाणे चालत नाही असे, पण अंगाने धडधाकट असलेले, असंख्य संगणक कचेऱ्यांतून पडून आहेत. ते मोडीत घालावे की त्यांवर लिनक्स बसवून काम चालू ठेवावे, हा हिशेब लहान पतसंस्थेपासून मोठ्या कार्यालयापर्यंत सगळीकडे चालू आहे.

आता मूळ कृती. घरी एकच संगणक असला तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स बसवता येते. बसवताना यंत्र प्रश्न विचारते : भाषा कोणती, वेळ कोठली, कळफलक कोणता, डिस्कचे भाग कसे पाडू, जुने पुसू काय, वापरणाऱ्याचे नाव काय. माणूस एकेक उत्तर देत जातो. पण ५० संगणक असले तर तेच प्रश्न ५० वेळा येणार आणि थकलेला माणूस तिसाव्या वेळी चुकणार. म्हणून एक संगणक देणारा नेमतात आणि बाकीचे त्याच्याकडून घेतात.

कळ दाबल्यावर संगणक सहसा आपल्या डिस्ककडे पाहतो. त्याऐवजी नेटवर्कच्या कार्डाकडून सुरुवात करण्याची सोय त्यात असते. तिला पीएक्सई म्हणतात. इंटेल कंपनीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिचे नियम प्रसिद्ध केले. या घटकेला संगणकाला स्वतःचा पत्ताही ठाऊक नसतो. कार्डावर कारखान्यात घातलेला क्रमांक तेवढा त्याच्यापाशी असतो. म्हणून तो साऱ्या जाळ्याला हाक घालतो : मला पत्ता द्या आणि पुढे काय करू तेही सांगा. या हाकेला डीएचसीपी नावाची सेवा उत्तर देते : तुझा पत्ता अमुक, तमुक यंत्राकडे जा आणि या नावाची फाईल माग. ती फाईल टीएफटीपी या दुसऱ्या सेवेतून येते. ही सेवा इतकी साधी की ती नाव विचारत नाही आणि पासवर्डही विचारत नाही. आलेली लहानशी फाईल मग लिनक्सचा गाभा आणि एक तात्पुरता संसार संगणकाच्या स्मृतीत आणून ठेवते. येथपर्यंत डिस्कला कोणी हात लावलेला नसतो.

यानंतर बसवणारा प्रोग्रॅम जागा होतो. त्याला ते सगळे प्रश्न पडतात. परंतु माणसाला विचारण्याऐवजी तो एक फाईल वाचतो, जिच्यात सर्व उत्तरे आधीच लिहिलेली असतात. डेबियनमध्ये तिला प्रीसीड म्हणतात, रेड हॅटच्या घराण्यात किकस्टार्ट. आम्ही तिला उत्तरांचा कागद म्हणतो. त्या कागदाबरहुकूम डिस्कचे भाग पडतात, लागणारी पॅकेजे कचेरीतल्याच साठ्यातून उतरतात आणि काही वेळाने संगणक नव्या रूपात उभा राहतो. एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. काम संपल्यावर ‘आता आपल्या डिस्कवरून चाल’ असे त्याला सांगितले नाही, तर दुसऱ्या दिवशी कळ दाबताच तो पुन्हा हाक घालतो आणि स्वतःला पुसून पुन्हा पहिल्यापासून बसवून घेतो.

दुसरी खबरदारी त्या हाकेबद्दल. हाक साऱ्या जाळ्याला असते, तेव्हा ओ कोणीही देऊ शकतो. एका कचेरीत मोबाईलची सोय व्हावी म्हणून कोणीतरी घरचा वाय-फाय राउटर आणून भिंतीतल्या तारेला जोडला. तोही पत्ते वाटू लागला. निम्मे संगणक भलतीकडेच गेले आणि दिवसभर कोणाला कारण सापडेना. शहाणी माणसे ही कृती प्रथम चार-पाच संगणक वेगळ्या स्विचवर जोडून करून पाहतात, ती याचसाठी.

बंधूंनो, आतापर्यंतची गोष्ट तारांची झाली. आता माणसांची सांगतो. उत्तरांच्या कागदात एक ओळ अशी असते की जिचा अर्थ ‘सगळी डिस्क पूस आणि विचारू नकोस’ असा होतो. एका कार्यालयात शनिवार-रविवारच्या सुट्टीत ही ओळ सगळ्या टेबलांवरून फिरली. सोमवारी टंकलेखक बाई कामावर आल्या तो त्यांचे कित्येक वर्षांचे मसुदे गेलेले. वर त्यांनाच मेमो मिळाला की, फाईली सर्व्हरवर ठेवावयास हव्या होत्या. तशी सूचना त्यांना कोणी दिली नव्हती. युनियनने भांडून मेमो मागे घ्यावयास लावला. मसुदे परत आले नाहीत.

दुसरी ओळ पॅकेजांच्या यादीची. तिच्यात देवनागरी फॉन्ट आणि मराठी कळफलक नसतील, तर नवा संगणक इंग्रजीत पंडित आणि मराठीत मुका निघतो. आपल्याकडे हा प्रश्न दुहेरी आहे. जुनी कागदपत्रे कृतिदेव, श्रीलिपी अशा युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत टाईप झालेली आहेत. तो फॉन्ट नसला की मजकुराच्या जागी अर्थहीन अक्षरांची रांग दिसते. ती कागदपत्रे युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागतात. शिवाय ज्यांची बोटे टाईपरायटरच्या मांडणीवर घडली, त्यांना इन्स्क्रिप्ट शिकण्यास वेळ लागतो. तो वेळ कोणाच्या पदरचा? कागद लिहिणाऱ्याने टाईपिस्टाला कधी विचारलेच नसेल, तर या प्रश्नाला त्या कागदात जागाच नसते.

तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ज्या मार्गाने फॉन्ट येतो त्याच मार्गाने पहारेकरीही येऊ शकतो : कळा मोजणारा, पडद्याची चित्रे घेणारा, कोण किती वेळ उठला त्याची नोंद ठेवणारा. कोणी म्हणेल, लिनक्स तर खुले आहे, उघडून पाहा. येथेच लोकांची गफलत होते. परवान्याने हक्क मिळतो तो ज्याला प्रोग्रॅम दिला त्याला. कंपनीने आपल्याच संगणकांवर तो बसवला तर ते ‘देणे’ ठरत नाही, ते तिचे अंतर्गत काम ठरते. म्हणजे वाचण्याचे, बदलण्याचे स्वातंत्र्य कंपनीला मिळाले, कंपनीच्या कारकुनाला नव्हे. मुक्त प्रोग्रॅम आला म्हणून त्यापुढे बसलेला माणूस मुक्त होत नाही. त्याचा हक्क त्याला करारानेच मिळवावा लागतो.

असे करार करण्याची आपल्याकडे परंपरा आहे. १९६० च्या दशकात कलकत्त्याच्या इलॅको हाऊसमध्ये संगणक येऊ नये म्हणून विमा कर्मचाऱ्यांनी पहारे दिले. पुण्याचे प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील ऑटोमेशन समितीचा अहवाल १९७२ मध्ये आला. १९८३ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी इंडियन बँक्स असोसिएशनशी संगणकांविषयी करार केला. नाही म्हणण्यापासून अटी घालण्यापर्यंतचा हा प्रवास आहे. कायद्याचाही थोडा आधार आहे. ज्या सुधारणेमुळे कामगारकपात होण्याचा संभव आहे, तिची २१ दिवस आधी सूचना दिली पाहिजे, ही १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील तरतूद २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही घेतली आहे. परंतु बाईंचे मसुदे पुसले जाणे ही कपात नव्हे, तेव्हा तेथे कायदा मुका राहतो.

बाहेरचे दोन दाखले पाहा. फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीस दलाने २००५ च्या सुमारास आधी कचेरीतले प्रोग्रॅम बदलले. त्यांची सवय झाल्यावर २००८ पासून ऑपरेटिंग सिस्टीम बदलली. आज त्यांचे सुमारे एक लाख संगणक लिनक्सवर चालतात. जर्मनीतील म्युनिक नगरपालिकेने २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक बदलले आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. यंत्रे बदलली म्हणजे प्रश्न मिटला असे होत नाही.

म्हणून आमच्या मागण्या चार आहेत. उत्तरांचा कागद बसवण्यापूर्वी कामगार प्रतिनिधींना दाखवावा. डिस्क पुसण्यापूर्वी प्रत्येकाच्या फाईलींची नक्कल घ्यावी आणि ती उघडते की नाही हे त्याच्यासमोर पाहावे. शिक्षण कामाच्या वेळात, पगारी असावे. आणि प्रत्येक खात्यातील निदान एका कर्मचाऱ्याला हा कागद वाचता आणि लिहिता आला पाहिजे. मालक म्हणतात, कागदात पासवर्ड असतात, तो दाखवता येत नाही. तेवढ्या ओळी झाकाव्यात. बाकीचा कागद साध्या मजकुराचा असतो, शंभर-दीडशे ओळींचा. आमचे शिक्षण शाळेत फार झाले नाही. तरी चार संध्याकाळी बसून आम्हांला तो वाचता आला. आपल्यापैकी कोणालाही येईल.

मात्र चौथी मागणी मालक देऊन पुरी होणार नाही. शिकण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल. यंत्राने विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. त्यांची उत्तरे आपण दिली नाहीत तर ती दुसरा कोणीतरी, आपल्या सुट्टीच्या दिवशी, आपल्या नावाने देऊन मोकळा होईल.