नैनितालचे नाले आणि आपला ओढा

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात एका ज्येष्ठ सभासदांनी केलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतले आहे. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



मला विषय दिलाय ‘आमची नैनिताल सहल’ आणि वेळ दिलाय पंधरा मिनिटं. सचिव म्हणाले, काका, हलकंफुलकं बोला, रौप्यमहोत्सव आहे. सुरुवात तर हलकीच करतो. पुढचं पुढे बघू.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२४ ची दिवाळी उरकून आपल्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावरचे आम्ही बावीस जण निघालो. सगळ्यात लहान एकसष्ट वर्षांचे, त्यांना आम्ही सहलभर ‘बाळ’ म्हणत होतो. पुण्याहून निजामुद्दीनपर्यंत एक गाडी, जुन्या दिल्लीहून रात्रीची राणीखेत एक्सप्रेस, आणि पहाटे काठगोदाम. तिथं रूळ संपतात. फलाटाच्या पुढे थेट डोंगरच उभा. सामान किती होतं विचारू नका. बी विंगच्या वहिनींनी तर अख्खा पाटा-वरवंटाच घेतलाय की काय असं वाटलं. बॅग उघडली तर चार किलो भाजणी, मेतकूट आणि दोन थर्मास. हसलो खरे, पण तिसऱ्या दिवशी त्याच भाजणीच्या थालीपिठांसाठी हॉटेलच्या स्वयंपाकघराबाहेर रांग लागली होती. रांगेत हॉटेलचा आचारीसुद्धा होता.

काठगोदामहून वर पस्तीस किलोमीटर रस्ता. वळणं, वळणं आणि वळणं. आल्याच्या वड्या बसभर फिरल्या. मग एका वळणावर अचानक तलाव. आपण कळसूबाईला महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर म्हणतो, १६४६ मीटर. नैनितालचा तलाव आहे १९३८ मीटरवर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जवळजवळ तीनशे मीटर उंचावर होडीत बसायचं! हे मी मोठ्यांदा सांगितलं, तर आमच्या सौ. म्हणाल्या, आकडे नंतर, आधी स्वेटर घाला.

तलाव साधारण दीड किलोमीटर लांब, तिन्ही बाजूंनी डोंगर. वरच्या टोकाला मल्लीताल, खालच्या टोकाला तल्लीताल, दोन्ही जोडणारा मॉल रोड. मल्लीतालच्या काठावर नैनादेवीचं मंदिर. सतीचे डोळे इथं पडले अशी श्रद्धा आहे, म्हणून नैना. बायकांनी ओटी भरली, पुरुषांनी चपला सांभाळल्या. रोपवेनं स्नो व्ह्यूला गेलो. हवा स्वच्छ होती, त्यामुळे नंदादेवी अगदी लख्ख दिसली. ७८१६ मीटर. सी विंगचे जोशीबुवा, जे मासिक सभेत सलग चाळीस मिनिटं बोलू शकतात, ते तिथं दहा मिनिटं एक अक्षर बोलले नाहीत. (हशा) पुढे भीमताल, सातताल, नौकुचियाताल झालं. नौकुचियातालचे नऊही कोपरे एका जागेवरून दिसत नाहीत म्हणतात. आम्ही बावीस जणांनी बावीस जागांवरून पाहिलं, कुणाला पाच दिसले, कुणाला सहा. बाल मिठाई खाल्ली, मेणबत्त्या घेतल्या. हे सगळं तुम्हाला फोटोत दिसेलच.

आता मला जे सांगायचंय ते.

पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला कुठेही न्या, तो पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हेच बघणार. पहिल्याच सकाळी मी फिरायला एकटा बाहेर पडलो. डोंगरातून खाली तलावाकडे दगडी नाले येत होते. साधे गटार नव्हेत. पायऱ्यापायऱ्यांचे, दोन्ही बाजूंना बांधीव, पाण्याचा वेग मोडेल असे. दहा मिनिटांच्या अंतरात मला तीन दिसले. चहावाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, ‘अंग्रेजों के जमाने के हैं साब, साठ के ऊपर हैं.’ मी म्हटलं, एवढ्याशा गावाला साठ नाले? तर त्यानं समोरच्या डोंगराकडे बोट केलं. शेर का डांडा म्हणतात त्याला. म्हणाला, वो एक बार पूरा नीचे आया था.

मग मी त्या दिवसाची माहिती काढली. १८४१ साली शाहजहाँपूरचा बॅरन नावाचा एक इंग्रज साखर व्यापारी इथं आला आणि मग गाव वाढत गेलं. आपल्याकडे त्याच सुमाराला, १८४२ मध्ये, महाबळेश्वरला साताऱ्याच्या छत्रपती आप्पासाहेब महाराजांनी वेण्णा तलाव बांधून घेतला. तो बांधलेला, हा देवाचा. नैनितालला घरं झाली, हॉटेलं झाली, उतारावरची झाडं गेली. आणि १८८० च्या सप्टेंबरात पाऊस लागला. थांबेचना. सुमारे चाळीस तासांत वीस इंचांच्या वर. १८ सप्टेंबर, शनिवार. सकाळी एक छोटी दरड पडली, त्यात काही माणसं गाडली गेली. त्यांना काढायला अधिकारी, शिपाई, मजूर सगळे धावले. आणि दुपारी, ते खणत असतानाच, वरचा सगळा डोंगर आला. हॉटेल गेलं, सभागृह गेलं, देवीचं देऊळ गेलं. काढायला आलेलेच गाडले गेले. एकूण १५१ माणसं. १०८ भारतीय, ४३ युरोपियन. मल्लीतालचं मैदान, जिथं आम्ही भुट्टे खात फोटो काढले, ते त्या ढिगाऱ्यानं आणखी मोठं झालंय. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’वाला जिम कॉर्बेट नैनितालचाच, तेव्हा तो पाच वर्षांचा होता.

हा १५१ चा आकडा वाचला आणि माझ्या हातातला चहा तसाच राहिला. कारण तो मला पाठ आहे. ३० जुलै २०१४, माळीण. आपल्याच पुणे जिल्ह्यातलं, आंबेगाव तालुक्यातलं गाव. सकाळी एस.टी. घेऊन ड्रायव्हर गेला तर गावच जागेवर नाही. तिथंही १५१. मी तेव्हा नोकरीत होतो, तिसऱ्या दिवशी तिकडे गेलो होतो. त्याबद्दल मी आजवर घरीही फारसं बोललो नाही, आजही बोलणार नाही. एवढंच सांगतो, की चिखलाला एक वास असतो.

नैनितालवाल्यांनी त्या दरडीनंतर काय केलं? नाले बांधले. डोंगरावर पडलेलं पाणी मुरून उतार सैल करायच्या आत ते धरायचं आणि सरळ तलावात पोचवायचं, एवढं साधं गणित. त्यावर ते गाव आजवर उभं आहे. आता सगळं आलबेल आहे असं मात्र समजू नका. काही नाल्यांवर आता घरांचे कोपरे चढलेत, प्लास्टिक अडकलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. २०१६-१७ च्या उन्हाळ्यांत तलाव इतका आटला की काठाचा गाळ उघडा पडला. ऑगस्ट २०१८ मध्ये खालच्या मॉल रोडचा एक तुकडा तलावात गेला. आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये उलट झालं, तलाव भरून रस्त्यावर आला, देवळाच्या आवारात पाणी शिरलं. आमचा नाववाला म्हणत होता, वरच्या अंगाला सूखाताल नावाचा एक तलाव आहे, पावसापुरता भरतो, एरवी कोरडा. कोरडा दिसतो म्हणून लोकांनी तिथं मलबा टाकला, बांधकामं केली. पण तिथं मुरलेलं पाणीच तर जमिनीखालून नैनितालला येतं. ‘सूखा देख के सब समझते हैं खाली जगह है,’ असं तो म्हणाला आणि वल्हं मारत राहिला.

मंडळी, तेव्हा मला होडीत थंडी वाजत होती, पण कानशिलं तापली होती.

आता आपल्या ओढ्याकडे येतो. नव्या सभासदांना आणि भाडेकरूंना तो माहीतच नसेल. २००० साली आपली संस्था नोंदली गेली तेव्हा मारुंजीत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतं होती. हिंजवडीत कंपन्या नुकत्या येत होत्या, भाजी आणायला डांगे चौकात जावं लागायचं आणि संध्याकाळनंतर रिक्षावाला यायला तयार नसे. सी विंगच्या मागून एक ओढा वाहायचा. आठ-नऊ फूट रुंद. पावसाळ्यात मुलं खेकडे धरायची. आज चाळिशीत असलेल्या दोघा-तिघांच्या माना मला डोलताना दिसतायत.

२०१२ साली मी या संस्थेचा सचिव होतो. गाड्या वाढल्या होत्या, पार्किंगवरून रोज भांडणं. एका वार्षिक सभेत खुर्चीही फेकली गेली होती, इतिवृत्तात ती ‘सौम्य मतभेद’ म्हणून नोंदली आहे. मी तोडगा काढला. ओढ्यात नऊशे मिलिमीटरचे दोन सिमेंटचे पाइप टाकायचे, वर मुरूम भरायचा, पेव्हर ब्लॉक लावायचे. चौदा गाड्यांची सोय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला शाल-श्रीफळ दिलं, ती शाल मी नैनितालला पांघरली होती.

शेजारच्या शेताचे मालक, आता ते नाहीत, कुंपणापाशी उभे राहून काम बघत होते. मला म्हणाले, ‘सायेब, तुमी हा उन्हाळ्यात बघताय. म्हाताऱ्या पावसात हा बांध सोडून चालतो.’ म्हातारा पाऊस म्हणजे पुष्य नक्षत्राचा, जुलैचा शेवट. मी त्यांना हसून म्हटलं, आजोबा, हिशेब केलाय.

केला नव्हता. हेच सांगायला मी आज उभा आहे. किती शिवारातून पाणी येतं, तासाला किती पाऊस धरायचा, किती व्यासाचा पाइप लागेल, हा हिशेब मी नोकरीत शेकडो मोऱ्यांसाठी केला. आपल्या घरामागच्या ओढ्यासाठी कागद-पेन्सिल घेतली नाही. कारण हिशेब केला असता तर उत्तर माहीत होतं, आणि मग चौदा गाड्या कुठे लावायच्या? कुणाची लेखी परवानगीही घेतली नाही. ठेकेदाराला दोष देऊ नका, त्यानं मी सांगितलं तेच केलं.

बारा वर्षं काही झालं नाही. मग २५ जुलै २०२४. त्या दिवशी पुण्यात एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी होतं, टीव्हीवर आपण तेच बघत होतो, आणि इकडे सी विंगच्या तळमजल्यात मागून पाणी शिरलं. पुष्य नक्षत्रच होतं. एका पाइपात गादी अडकली होती, दुसरा गाळानं निम्मा भरलेला. एकतीस दुचाक्या बुडाल्या, लिफ्टचा खड्डा भरला, आणि तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या आपल्या आजींना दोन मुलांनी खुर्चीसकट उचलून पहिल्या मजल्यावर नेलं. त्या मुलांपैकी एक आज निवेदन करतोय. आजी समोर बसल्या आहेत. आजी, तुम्ही तेव्हा म्हणालात, देवाची कृपा. मी गप्प बसलो होतो.

नंतर सभेत ठराव झाला, पाइप साफ करायचे आणि मागची भिंत तीन फुटांनी वाढवायची. मी त्याला हात वर केला. भिंत वाढवली की आपल्याकडचं पाणी शेजारच्या बैठ्या चाळीत जातं. तेही मला कळत होतं.

नैनितालहून आल्यावर मी तो हिशेब केला. बारा वर्षं उशिरा. आपल्याच परिसरात गेल्या दहा वर्षांत जी शेतं होती तिथं आता छपरं, डांबर आणि सिमेंट आहे. पाणी मुरत नाही, धावतच येतं. दोन पाइप कुठल्याच हिशेबात बसत नाहीत. चारही बसत नाहीत. ओढा मोकळाच करावा लागेल. दोन्ही बाजूंना दगडी पिचिंग, मध्ये दोन ठिकाणी पायऱ्या, आणि वरच्या तोंडाला कचरा अडवणारी जाळी, जी कुणीतरी दर पावसाळ्याआधी साफ करायची. नकाशा आणि अंदाजपत्रक मी काढलंय, माझ्या हातानं, कार्यालयात ठेवलंय. त्याची नीट परवानगी या वेळी आधी घ्यायची, भराव नंतर उचलायचा. खर्च सिंकिंग फंडातून होणार नाही, वर्गणी लागेल. आणि चौदा पार्किंग जातील. ते कुणाचे जातील हे ज्यांना ठाऊक आहे ते आत्ता माझ्याकडे कसं बघतायत ते मला इथून दिसतंय.

चार नंबरचं पार्किंग माझं आहे. ते मी सोडल्याचं पत्र आज सकाळी सचिवांकडे दिलंय, गाडी जावयाला दिली. बाकीच्या तेरा जणांशी मी घरी येऊन बोलणार आहे, एकेकाशी. ओरडायचं असेल तर ओरडा, चहा मात्र पाजा. विषय येत्या वार्षिक सभेच्या पत्रिकेवर सहाव्या क्रमांकावर आहे.

पंधराची बावीस मिनिटं झाली, सचिव घड्याळ दाखवतायत. चला, दिवे घालवा जरा, फोटो सुरू करू. पहिले अकरा फोटो नाल्यांचे आहेत, त्यावरून आमच्या सौ. आधीच रागावल्यात. नंदादेवी बाराव्या नंबरला आहे.