सराव कमी, तर वेगही कमी



साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन तुम्हाला ठाऊक असेल.
शहरातून निघायचं.
यवतेश्वरचा घाट चढायचा.
कासच्या रस्त्यावरून मागे वळायचं,
आणि तोच घाट उतरायचा.
अंतर, 21 किलोमीटर.

नाव नोंदवलं, पण सराव राहून गेला,
असं अनेकांचं होतं.
त्यांना कळकळीनं सांगते :
सराव कमी असेल, तर वेगही कमी ठेवा.

चढावर धाप लागते, म्हणून आपण चढाला घाबरतो.
पण पायांची खरी परीक्षा उतारावर असते.
उतरताना मांडीचे स्नायू ताणले जातात,
आणि त्याच वेळी शरीराचा भार आवरून धरतात.
सवय नसेल, तर त्यांना बारीक इजा होते.
ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त ठणकते.
मग घरातला जिना उतरणंही नकोसं होतं.

आणखी एक गोष्ट.
दमसास काही आठवड्यांत वाढतो.
हाडं आणि स्नायुबंध बळकट व्हायला मात्र महिने लागतात.
म्हणून नुसत्या दमावर भिस्त ठेवू नका.

राहिलेला सराव शेवटच्या आठवड्यात भरून निघत नाही.
त्या आठवड्यात विश्रांतीच घ्या.

शर्यतीत पहिल्यापासूनच थोडं धावा, थोडं चाला.
पुन्हा सांगते, सराव कमी, तर वेगही कमी.

पाणी तहानेप्रमाणे प्या.
भरमसाट पाण्यानं रक्तातलं सोडियम घटतं,
आणि ते जिवावर बेतू शकतं.

छातीत दुखलं, चक्कर आली,
तर तिथंच थांबा.
जवळच्या स्वयंसेवकाला लगेच हाक मारा.