नवा वर्ग आणि प्राध्यापकाचा सोबती



व्याख्यानमालेच्या चालकांना मी माझा विषय कळविला तेव्हा त्यांचे चेहरे किंचित उतरलेले मला दिसले. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. दिवसभर बीडच्या उन्हात तापलेल्या माणसाने संध्याकाळी दोन घटका गारव्याला येऊन बसावे, आणि ऐकावे काय, तर प्राध्यापकांना संगणकावर शिकवायला कोणी व कसे शिकवावे याची कथा! परंतु ज्याचा मुलगा, मुलगी, भाचा किंवा नात कॉलेजात नाही असा श्रोता या मांडवात एखादाच निघेल. तेव्हा विषय प्राध्यापकांचा असला तरी प्रश्न आपल्या घरचा आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते सांगतो. इंग्रजीत तिला ‘लर्निंग मॅनेजमेंट सिस्टिम’ असे लांबलचक नाव आहे. कॉलेजात सगळे नुसते ‘एलएमएस’ म्हणतात. आपण एका जुन्या वाड्याची कल्पना करा. त्यात प्रत्येक विषयाला एक खोली. खोलीत प्राध्यापकाने ठेवलेली टिपणे. एका कोपऱ्यात गृहपाठ टाकण्याची पेटी. दुसऱ्या कोपऱ्यात छोटी परीक्षा. मध्ये चर्चेची बैठक. आणि कोनाड्यात गुणांची वही. किल्ली प्राध्यापकाच्या हाती, आणि वाडा रात्रंदिवस उघडा. मात्र हा वाडा दगडविटांचा नसून संगणकातला आहे, आणि विद्यार्थी त्यात शिरतो तो खिशातल्या फोनमधून.

मार्च २०२० मध्ये करोनाची साथ आली, कॉलेजांची दारे बंद झाली, आणि ज्यांनी हा वाडा बाहेरूनही पाहिला नव्हता त्यांना तेथे बिऱ्हाड थाटण्याची वेळ आली. साथ गेली, फळ्यापुढचे वर्ग पुन्हा भरू लागले. पण तो वाडा काही पाडला गेला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही या पद्धतीला मान दिला. म्हणजे हा पाहुणा आता घरचाच झाला.

त्या काळात एका कॉलेजात सहकाऱ्यांना या कामी मदत करण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. एक वडीलधारे प्राध्यापक होते. तीस वर्षांची नोकरी. त्यांच्या तासाला दुसऱ्या वर्गातली मुले येऊन मागे उभी राहत. त्यांनी गृहपाठ दिला आणि शेवटची तारीख १५ घातली. वेळेच्या चौकटीत रात्रीचे बारा होते. त्यांच्या मते बारा म्हणजे पंधरा तारीख संपताना. यंत्राच्या मते पंधरा तारीख उजाडण्यापूर्वीचे. परिणामी पंधराला दिवसभर ज्यांनी उत्तरे लिहिली त्यांना पेटी बंद सापडली. मुलांचे फोनवर फोन आले. सर माझ्याकडे आले ते कपाळाचा घाम पुसत. म्हणाले, “आता पुरे. या वयात मुलांसमोर माझी शोभा नको.”

मी काय केले? त्यांच्या हातातला माऊस घेतला आणि एका मिनिटात सारे दुरुस्त करून दिले. मला वाटले, मी मोठी मदत केली. पुढच्या आठवड्यात तीच चूक पुन्हा झाली. चूक वस्तुतः माझी होती. मी त्यांचे काम केले होते. त्यांना काम दिले नव्हते.

दुसऱ्या खेपेला मी हात मागे बांधून बसलो आणि विचारले, “सर, वर्गात एखाद्याने वही उशिरा आणली तर आपण काय करता?”

ते म्हणाले, “कारण विचारतो, वहीवर तारीख घालतो, आणि घेतो. परत थोडीच पाठवायची?”

मग मी दाखविले की येथे दोन वेगवेगळ्या तारखा असतात. एक काम देण्याची मुदत; ती टळली तरी पेटी उघडीच राहते, फक्त उत्तरावर ‘उशिरा’ अशी नोंद होते. दुसरी पेटीला कुलूप लागण्याची वेळ. सरांनी चष्मा वर केला, पडद्याकडे पाहिले आणि म्हणाले, “मग ही दुसरी मी मोकळीच ठेवतो.” आणि त्यांनी ती स्वतःच्या हाताने मोकळी ठेवली. त्या क्षणी ते यंत्र त्यांचे झाले. त्यांचा तीस वर्षांचा धर्म यंत्रात बसतो हे त्यांना दिसले, एवढेच.

आता आपण म्हणाल, एवढ्याशा चौकटीचे इतके कौतुक कशाला? याचे उत्तर आपल्या जिल्ह्यात आहे. दसरा-दिवाळी झाली की आपल्या वाडीतांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, कारखान्यांच्या आसऱ्याला. मुकादमाची उचल घेतलेली असते, आणि नवराबायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. माणसाची मोजणी हत्याराच्या नावाने होते, हे ऐकताना आपल्याला काही वाटेनासे झाले आहे! त्या टोळीबरोबर कॉलेजात नाव असलेला मुलगा जातो; धाकट्या भावंडांसाठी किंवा फडात हात हवा म्हणून मुलगीही जाते. ती माणसे परततात तोवर उन्हाळा तोंडावर आलेला असतो आणि दुसरे सत्र संपत आलेले असते. फळ्यावरचा तास कोणासाठी थांबत नाही. या वाड्यातला तास मात्र थांबू शकतो.

थांबू शकतो, असे मी म्हटले; थांबतोच असे नाही. ते प्राध्यापकाच्या हातात आहे. त्याने टिपणांच्या ऐंशी पानांची छायाचित्रे काढून तशीच ठेवली, तर कोपीवर बसलेल्या मुलीचा दिवसाचा डेटा ती उतरवण्यातच संपेल. त्याने तोच मजकूर टंकून, धड्याधड्याचे लहान तुकडे करून ठेवला, तर तो क्षणात उघडेल. पुष्कळ विद्यापीठांत चालते त्या ‘मूडल’ नावाच्या व्यवस्थेत अशी सोय आहे की, जेथे जाळे मिळते तेथे धडा फोनवर उतरवून घ्यावा आणि जेथे मिळत नाही तेथे वाचावा. प्राध्यापकाने मुभा दिली असेल तर छोटी परीक्षासुद्धा जाळ्यावाचून सोडवता येते. उत्तरे मागाहून पोचतात. चुकलेल्या प्रत्येक उत्तरापुढे ‘तू येथे का चुकलीस’ हे दोन ओळींत लिहून ठेवता येते. ऊस तोडून आल्यावर रात्री त्या दोन ओळी वाचणारीला शिक्षक भेटला असे म्हणायला हरकत नाही. पण ही मुभा असते हेच प्राध्यापकाला कोणी सांगितले नाही, तर सोय असून नसल्यासारखी.

या मूडलची जन्मकथा सांगण्याजोगी आहे. तिचे कर्ते मार्टिन डुगियामास हे पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या दूर ओसाड मुलुखात वाढले. जवळपास शाळा नव्हती. शाळा भरे ती रेडिओवरून. पुढे पर्थच्या कर्टिन विद्यापीठात ते दुसऱ्याच एका विकतच्या व्यवस्थेची देखभाल करीत. त्या व्यवस्थेतल्या अडचणी पाहूनच त्यांनी आपली नवी व्यवस्था रचली, आणि तिची पहिली आवृत्ती २००२ मध्ये सर्वांना विनामूल्य खुली केली. दूरच्या विद्यार्थ्याचे दुःख ज्याने भोगले आणि विद्यापीठातल्या वापराची अडचण ज्याने जवळून पाहिली, त्याच्या हातून हे काम झाले यात मला नवल वाटत नाही.

आपल्याकडचाही एक दाखला देतो. बीड हैदराबाद संस्थानात होते तेव्हा, १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि उच्च शिक्षण उर्दूतून देण्याचे ठरले. ती भाषा आपल्यापैकी बहुतेकांच्या घरची नव्हती, हा सल खरा. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. शिकवण्याचे साधन पालटायचे, तर शिकवणाऱ्याला आधी हात दिला पाहिजे, हे त्या विद्यापीठाच्या कर्त्यांना उमगले होते. १९१७ मध्येच त्यांनी भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडले. ग्रंथ भाषांतरित केले, परिभाषा घडवली. आणि आपण? आपण साधन पालटले आणि प्राध्यापकाच्या हाती एक परिपत्रक दिले. फार तर दोन तासांचे शिबिर. त्या शिबिरात पन्नास कळा दाखवतात आणि घरी येईतो त्यांतल्या एकोणपन्नास विसरतात. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या तरुण प्राध्यापकाला तर वर्गातल्या तासाचे पैसे मिळतात. रात्री जागून वाड्यातली खोली सजवली, तर त्याचा हिशेब कोण धरतो?

म्हणून माझे मागणे थोडके आहे. प्रत्येक कॉलेजात असा एक माणूस असावा की ज्याच्याकडे जाऊन ‘मला येत नाही’ असे म्हणताना कोणाला संकोच वाटू नये. तो साहेब नसावा, सहकारी असावा. त्याने यंत्रापासून आरंभ करू नये, धड्यापासून करावा. त्याने माऊस हातात घेऊ नये. आणि या कामाचा वेळ, त्याचाही आणि शिकणाऱ्याचाही, कामाच्या तासांत धरला जावा. पालक म्हणून आपण कॉलेजात जातो तेव्हा इमारत पाहतो, संगणक किती हे विचारतो. यापुढे एवढेही विचारा की, प्राध्यापक अडले तर त्यांच्या शेजारी कोण बसते?

अंबाजोगाईच्या दासोपंतांनी पंचीकरणाचा गहन विषय मजकूर आणि आकृत्या घालून लांबरुंद पासोडीवर उतरवला, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. पासोडी हे काही त्या काळचे मान्य साधन नव्हते. पण विषय मनात पक्का होता, शिकवण्याची तळमळ होती, म्हणून कापडाचीही पोथी झाली. आपल्या प्राध्यापकांजवळ विषय आहे, तळमळही आहे. ही नवी पासोडी अंथरायला त्यांना जरा हात द्यायचा आहे. फडावरून परतणारी मुलगी आपल्या खोलीचे दार उघडे आहे की नाही हे पाहणार आहे. ते उघडे ठेवण्याची विद्या आपण तिच्या गुरूला देऊ या.