कौंडिण्यपूरचे राजघराणे आणि कळंबचा चिंतामणी

विदर्भाच्या राजांच्या कथा बहुधा कौंडिण्यपुरापासून सुरू होतात. आज अमरावती जिल्ह्यात, वर्धा नदीच्या काठी हे गाव आहे. रुक्मिणीचा पिता भीष्मक आणि दमयंतीचा पिता भीम या दोघांचीही राजधानी परंपरेने इथेच मानली आहे. गणेशपुराणाच्या उपासनाखंडातही कौंडिण्यपूरचा एक भीमराजा येतो, पण त्याची राणी चारुहासिनी आणि त्याची कथा निराळी. यवतमाळ जिल्ह्यातील कळंबशी नाते आहे ते या घराण्याचे.

भीमाला मूलबाळ नव्हते. राज्य प्रधानांच्या हाती सोपवून राजा-राणी वनात गेले. तिथे विश्वामित्रांनी त्यांना गणेशाचा एकाक्षरी मंत्र दिला आणि पुढे रुक्मांगदाचा जन्म झाला. एकादशीव्रतासाठी प्रसिद्ध असलेला रुक्मांगद वेगळा. नावसाम्यामुळे दोघांची गल्लत होते.

कथेचा गाभा रुक्मांगदातच आहे. शिकारीत तहानलेला हा राजपुत्र वाचक्नवी ऋषींच्या आश्रमात पाणी मागायला गेला. ऋषी स्नानाला गेले होते. त्यांची पत्नी मुकुंदा त्याच्यावर भाळली. त्याने तिला ठाम नकार दिला. अपमानाने पेटून तिने त्याला कुष्ठरोगाचा शाप दिला. देहाची दशा पाहून तो राजधानीत परतलाच नाही, एका वडाखाली बसून राहिला. नारदांनी तिथे त्याला कदंबपुरातील चिंतामणीचे आणि गणेशकुंडाचे माहात्म्य सांगितले. कुंडात स्नान करताच तो रोगमुक्त झाला. हे कदंबपूर म्हणजेच कळंब, अशी विदर्भाची श्रद्धा आहे. थेऊरचा चिंतामणीही कदंबवनाची परंपरा सांगतो, त्यामुळे दोन्ही क्षेत्रांच्या कथा काही ठिकाणी एकमेकींत मिसळतात.

ग्रीक पुराणकथांत या घराण्याला जवळचे घराणे आहे टिरिन्सचा राजा प्रीटस याचे. त्याची राणी (होमरच्या ‘इलियड’मध्ये अँटिया, नंतरच्या ग्रंथांत स्थेनिबिया) पाहुणा आलेल्या बेलेरोफॉनवर आसक्त झाली आणि नकार मिळताच तिने त्याच्यावरच खोटा आळ घेतला. पुढे प्रीटसच्या मुलींना वेड लागले. काही जुन्या कथनांत त्यांच्या कातडीलाही रोग जडला. मेलॅम्पस या द्रष्ट्या वैद्याने राज्याचा तिसरा हिस्सा मागितला. राजाने नाकारले, वेड इतर स्त्रियांत पसरले, मग मेलॅम्पसने आपल्या भावासाठी आणखी एक तिसरा हिस्सा वाढवून घेतला. त्वचारोग बरे करणाऱ्या अनिग्रोस नदीच्या पाण्याशी या शुद्धीची कथा जोडलेली असल्याचे भूगोलकार स्ट्रॅबो नोंदवतो. नाकारलेली आसक्ती, राजघराण्यावरचा रोग आणि बरे करणारे पाणी हे तिन्ही धागे दोन्हीकडे आहेत. तिकडे उपचाराची किंमत राज्य देऊन चुकवावी लागली. कळंबच्या कथेत कुंड कोणाकडूनही काही घेत नाही.

कळंबचे माहात्म्य मुळात इंद्राशी बांधलेले आहे. अहल्येच्या प्रसंगात गौतमांनी दिलेल्या शापातून तो इथेच मुक्त झाला. आणि गणेशपुराणात हाच इंद्र रुक्मांगदाचे रूप घेऊन मुकुंदेलाही फसवतो. कथेत तिच्यावर दोष पुष्कळ आला आहे, पण तिची फसवणूकही तितकीच स्पष्ट लिहिलेली आहे आणि वाचकाने ती नजरेआड करू नये.

त्या संबंधातून गृत्समद जन्मला. विद्वानांच्या सभेत जन्मावरून त्याचा अपमान झाला, तेव्हा त्याने आईला सत्य विचारले आणि तिला काटेरी बोरीचे झाड होण्याचा शाप दिला. तिनेही उलट शाप दिला, की तुझा पुत्र भयंकर दैत्य होईल. आकाशवाणीने गृत्समदाला इंद्राचा पुत्र म्हटले. पश्चात्तापाने त्याने केलेल्या तपाची जागा म्हणून रायगड जिल्ह्यातील महडचा वरदविनायक ओळखला जातो. त्याचा पुत्र त्रिपुरासुर हा रांजणगावच्या महागणपतीच्या कथेत येतो. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलाचा ऋषीही गृत्समदच, आणि ‘गणपती’ हा शब्द असलेली प्रसिद्ध ऋचा त्याच मंडलात आहे. पुराणकारांनी त्याला गणेशभक्त का केले, याचे कारण बहुधा हेच. अष्टविनायकांतील दोन स्थानांच्या कथांचे मूळ अशा रीतीने कळंबच्या कुंडाशी पोहोचते, हे अष्टविनायकांच्या यात्रेत क्वचितच सांगितले जाते.

आजचे कळंब यवतमाळ–नागपूर रस्त्यावरचे तालुक्याचे गाव आहे. चिंतामणीचे मंदिर जमिनीच्या पातळीखाली असल्याने भाविक पायऱ्या उतरून खाली जातात, आणि कुंडही तिथेच आहे. सुमारे बारा वर्षांनी कुंडाचे पाणी चढते आणि मूर्तीच्या चरणांना लागते, अशी श्रद्धा असून त्याला गंगा येणे म्हणतात.