मोटारीच्या धुराची साक्ष

सोलापुराहून तुळजापूर सोडून लातुराकडे निघालेली सडक औशावरून जाते. किल्ल्याच्या या गांवापासून लातूर सुमारें २० किलोमीटर आहे. त्यामुळें मोठा दवाखाना असो, महाविद्यालय असो वा आडत बाजार असो, औसेकरांना वरचेवर तिकडे धांव घ्यावी लागते. ज्यांच्या घरीं दहा-पंधरा वर्षांची मोटार आहे, त्यांच्या दृष्टीनें ती चैनीची वस्तु नव्हे. म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यांत नेणारी, मुलांना परीक्षेस पोंचविणारी, प्रसंगीं सोयाबीनचीं दोन पोतीं वाहणारी ती घरांतलीच एक कर्ती असामी होय. अशा गाडीच्या कांट्यांजवळ एके दिवशीं इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागतो, आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. एक म्हणतो, गाडी चालते आहे ना, मग दिव्याकडे पाहूंच नका. दुसरा म्हणतो, सेन्सर गेला, नवा टाका. तिसरा अधिक धीट असतो. तो दिव्याची वायरच तोडून टाकावयास सांगतो. या तिन्हीं सल्ल्यांत दोष एकच आहे. दिवा काय सांगत आहे, हें कोणीं विचारलेलेंच नसतें.

तें समजून घेण्यासाठीं थोडें इंजिनाच्या पोटांत शिरलें पाहिजे. पेट्रोल जळतें म्हणजे हवेंतील प्राणवायूशीं त्याचा संयोग होतो. एक भाग पेट्रोल पुरतें जळावयास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. हवा कमी पडली तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु आणि न जळालेलें पेट्रोल धुराबरोबर बाहेर येतें. हवा थोडी जास्त झाली तर नायट्रोजनचीं ऑक्साइडें वाढतात. कार्बोरेटरच्या काळीं हें प्रमाण कारागीर आपल्या कानानें व नाकानें ओळखून स्क्रू फिरवून जमवीत असे. इंजेक्शनच्या गाड्या आल्या तेव्हां तें काम एका लहानशा संगणकाकडे गेलें, आणि धुराच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नांवाची एक डबी बसली. तिच्या आंत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते व त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मोलाच्या धातूंचा पातळ लेप असतो. ही डबी तापली कीं वर सांगितलेल्या तिन्हीं घातक पदार्थांचें रूपांतर पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड व नायट्रोजन यांत करून टाकते. मात्र तिची एक अट आहे. हवा व पेट्रोल यांचें प्रमाण नेमकें असेल, तरच तिला हें तिहेरी काम साधतें.

तें प्रमाण नेमकें ठेवण्यासाठीं धुराच्या नळींत जो पहारेकरी बसविलेला असतो, तोच ऑक्सिजन सेन्सर. जर्मनीच्या बॉश कंपनीचा असा सेन्सर १९७६ सालीं स्वीडनच्या व्होल्व्हो गाडींत प्रथम बसला. त्याची रचना पाहिली तर साधी आहे. झिर्कोनिया नांवाच्या भाजलेल्या पदार्थाची एक पोकळ टोपी असते. तिच्या बाहेरच्या अंगास धूर लागतो, आंतल्या अंगास स्वच्छ हवा असते. टोपी सुमारें ३०० अंश सेल्सियसपर्यंत तापली म्हणजे दोन्हीं अंगांच्या प्राणवायूंतील तफावतीप्रमाणें तिच्यांत अल्प विद्युद्दाब उत्पन्न होतो. धुरांत प्राणवायु जवळजवळ उरला नसेल तर तो ०.९ व्होल्टच्या आसपास जातो. पुष्कळ उरला असेल तर ०.१ व्होल्टच्या आसपास येतो. पहिला निरोप आला कीं संगणक पेट्रोल किंचित् कमी करतो, दुसरा आला कीं किंचित् वाढवितो. निरोगी गाडींत हा झोका अखंड चाललेला असतो. तो एके ठिकाणीं थिजला, किंवा म्हाताऱ्याच्या पावलांप्रमाणें मंद झाला, म्हणजे कोठें तरी बिघाड आहे असें समजावें.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे. हा सेन्सर पेट्रोल मोजीत नाहीं, प्राणवायु मोजतो. एखादा प्लग निकामी झाला व त्या नळकांड्यांतील पेट्रोल जळलेंच नाहीं, तर तेथील प्राणवायूही न वापरला जातां तसाच बाहेर येतो. सेन्सर खरें तेंच सांगतो कीं प्राणवायु पुष्कळ आहे. संगणक त्याचा अर्थ पेट्रोल कमी पडतें असा लावून आणखी पेट्रोल ओततो. सेन्सरच्या आधींच धुराची नळी फुटलेली असेल तर फटींतून बाहेरची हवा आंत ओढली जाते, आणि तोच गैरसमज पुन्हां होतो. इंजिनाकडे हवा नेणाऱ्या नळीच्या रबरास चीर गेली असेल तरीही निरोप तोच. तीन निरनिराळे रोग, पण साक्षीदाराचे शब्द एकच! अशा वेळीं सेन्सर बदलणें म्हणजे रोग हाल्याला आणि औषध पखालीला. हजारों रुपयांचा नवा सेन्सर येतो, तोही तेंच सांगतो, आणि कंपनीच्या मालांत आतां दम राहिला नाहीं असें म्हणून मालक स्वस्थ बसतो.

ऑक्सिजन सेन्सरला सोबतीही आहेत. इंजिनाच्या पाण्याची उष्णता सांगणारा सेन्सर हा त्यांतला महत्त्वाचा. इंजिन थंड असतांना अधिक पेट्रोल द्यावें लागतें, आणि तें कधीं थांबवावें हें याच्या सांगण्यावरून ठरतें. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत गाडी तापूं नये म्हणून पुष्कळ ठिकाणीं थर्मोस्टॅटची झडप काढून टाकण्याची रीत पडली आहे. तिचा परिणाम असा होतो कीं हिंवाळ्यांत पहांटे निघालेलें इंजिन लातूर येईपर्यंतही पुरतें तापत नाहीं. संगणक त्याला थंडच समजून जादा पेट्रोल पाजीत राहतो, ॲव्हरेज पडतो आणि प्लग काळे होतात. रेडिएटरमध्यें बोअरचें जड पाणी घालण्याची संवयही अशीच घातक आहे. त्यांतील क्षारांचा थर सेन्सरवर बसतो व त्याचें सांगणें उशिराचें आणि अपुरें होतें. मिळेल तेथें शुद्ध केलेलें पाणी व योग्य प्रमाणांत कूलंट घालणें हा खर्च नसून बचत आहे.

गाडींत कोणते सेन्सर आहेत, हें ती कोणत्या सालीं व कोठें घेतली यावर अवलंबून असतें. शिसें असलेलें पेट्रोल देशांतून फेब्रुवारी २००० मध्यें हद्दपार झालें. शिसें हें या सेन्सरचें व कन्व्हर्टरचें विषच होतें. भारत स्टेज दोन हा नियम देशभर २००५ सालीं आला. २०१० मध्यें मात्र देशाचे दोन भाग पडले. तेरा शहरांत नव्या गाड्यांस स्टेज चार लागू झाला, इतरत्र स्टेज तीन. त्या तेरा शहरांत मुंबई-पुण्याबरोबर सोलापूरही होतें; लातूर नव्हतें. याच कारणानें मारुती ८०० ही गाडी त्या वर्षीं सोलापुरांत विकणें बंद झालें, आणि लातुरांत तें चालूं राहिलें. पुढें जानेवारी २०१४ मध्यें तिचें उत्पादनच थांबलें. देशभर स्टेज चार १ एप्रिल २०१७ पासून व स्टेज सहा १ एप्रिल २०२० पासून लागू झाला. तेव्हां औशाच्या एकाच गल्लींत उभ्या असलेल्या २०१२ सालच्या दोन गाड्यांपैकीं सोलापुरास नोंदलेली एका टप्प्याची आणि लातुरास नोंदलेली दुसऱ्या टप्प्याची असूं शकते. २०१३ नंतरच्या स्टेज चारच्या गाडींत कन्व्हर्टरच्या पुढें एक आणि मागें एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर सांपडतात. पुढचा प्रमाण राखतो, मागचा कन्व्हर्टरवर देखरेख करतो. पुढच्याचा झोका चालूं असतां मागचा जवळजवळ स्थिर असावा. तोही पुढच्याच्या तालावर नाचूं लागला, तर डबीची शक्ति संपत आली असें अनुमान निघतें.

दिवा लागल्यावर क्रम कोणता धरावा? प्रथम दिवा स्थिर आहे कीं उघडझाप करतो तें पाहावें. गाडी चालतांना होणारी उघडझाप म्हणजे पेट्रोल न जळतां डबींत जात आहे, ही तांतडीची सूचना होय. तें पेट्रोल डबींत पेटून जाळी वितळते, आणि सर्वांत महाग भाग हातचा जातो. अशा वेळीं वेग कमी करून लवकर गाडी थांबवावी. दिवा स्थिर असेल तर गॅरेजमध्यें स्कॅनर लावून क्रमांक वाचून घ्यावा व तो कागदावर लिहून घ्यावा. पी ०१७१ हा क्रमांक मिश्रणांत पेट्रोल कमी असल्याचें सांगतो. पी ०४२० हा डबीचें काम कमी झाल्याचें सांगतो. परंतु क्रमांक हें लक्षण आहे, निदान नव्हे. ताप आहे एवढेंच थर्मामीटर सांगतो. मलेरिया कीं टायफॉइड हें वैद्यानें शोधावयाचें असतें.

मग कमी खर्चाच्या गोष्टी आधीं तपासाव्या. एअर फिल्टर काळ्या मातीच्या धुळीनें गच्च झाला आहे काय? हवेच्या नळ्यांना चीर आहे काय? प्लग केव्हां बदलले होते? कप्लर सैल किंवा हिरवट झाला आहे काय? उंदरांनीं वायरी कुरतडल्या आहेत काय? गाडी पंधरा दिवस उभी राहिली कीं ही शेवटची तक्रार खेडोपाडीं हमखास निघते. धुराच्या नळीचे सांधे काळे पडले असतील तर तेथें गळती आहे असें समजावें. हें सर्व ठीक असूनही झोका मंद राहिला, तरच सेन्सरवर संशय घ्यावा. स्वतः तापणारा सेन्सर साधारण एक लाख किलोमीटर व त्याहून पुढेंही साथ देतो. त्यानंतर तो थकणें स्वाभाविक आहे. त्याला पेट्रोलनें धुऊन किंवा तारेच्या ब्रशनें घांसून तारुण्य येत नाहीं. अनेक सेन्सर आंतल्या अंगाची स्वच्छ हवा वायरींच्या बारीक वाटेनेंच घेतात. म्हणून त्याच्या वायरी कापून डाग देणें किंवा कप्लरमध्यें ग्रीस भरणें म्हणजे त्याचा श्वास कोंडणेंच होय. इंजिनाच्या सांध्यांत सेन्सरला न चालणारें सिलिकॉन फासलें, पेट्रोलमध्यें रॉकेलची भेसळ झाली, किंवा इंजिन ऑइल खाऊं लागलें, तर नवा सेन्सरही अकालीं मरतो. आणि बॅटरी उतरली म्हणून गाडीला दूरवर धक्का देत नेऊं नये. कारण त्या अवधींत न जळलेलें पेट्रोल डबींत सांचतें.

इंधनही बदललें आहे. २०२५ पर्यंत पेट्रोलमधील इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत पोंचलें. मराठवाड्याच्या उसाशीं या बदलाचें नातें आहेच. इथेनॉलला जळण्यास पेट्रोलपेक्षां हवा कमी लागते. एका भागास सुमारें ९ भाग. म्हणून तेवढ्याच हवेस अधिक इंधन द्यावें लागतें. चांगला ऑक्सिजन सेन्सर ही तफावत ओळखून संगणकाकडून ती मर्यादेपर्यंत भरून काढवितो. थकलेला सेन्सर तेथें कमी पडतो. जुन्या रबरी नळ्यांचीही पाहणी त्याच वेळीं करावी.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनशीं तो प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक घट्ट चिकटतो. बंद खोलींत किंवा पत्र्याच्या शेडमध्यें इंजिन चालूं ठेवणें हा जिवाशीं खेळ आहे. तापलेल्या डबीची गाडी कडब्यावर किंवा वाळल्या गवतावर उभी करणें हा गंजीशीं खेळ आहे. जी गाडी घरच्या माणसांच्या सोयीसाठीं ठेवली, तिनें त्यांच्याच अंगणांत विष ओतावें यासारखी विसंगति दुसरी नाहीं.

शेवटीं धुराच्या प्रमाणपत्राविषयीं. स्टेज चार व पुढच्या गाडीस तें वर्षाचें, त्यापूर्वीच्या गाडीस सहा महिन्यांचें असतें. इंजिन मंद चालतांना स्टेज दोन व तीनच्या पेट्रोल मोटारीस कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के व हायड्रोकार्बनची दशलक्षांत ७५० भाग आहे; स्टेज चारसाठीं तीच ०.३ टक्के व २०० भाग. पुष्कळांच्या लेखीं हा कागद पोलिसाला दाखविण्यापुरता असतो. गाडी न तपासतांच तो मिळाला तर त्यांना आनंद होतो. पण अशा कागदानें फसतो कोण? पोलिस नव्हे, मालकच. खऱ्या तपासणीचे आंकडे दर वेळीं एका वहींत उतरून ठेवले, तर मर्यादेच्या आंत असतांनाही ते हळूहळू चढत असल्याचें दिसून येतें, आणि पिवळा दिवा लागण्यापूर्वींच प्लग, फिल्टर किंवा सेन्सर यांची दखल घेतां येते. ज्या वहींत पेट्रोलचा हिशेब लिहिला जातो, तींतच या दोन आंकड्यांना जागा द्यावी. जुनी गाडी आपलें दुखणें सांगावयास तयार असते. तें ऐकावयास सहा महिन्यांतून एकदां पांच मिनिटें पुरतात.